दोन्ही पायांनी लंगडलं की चाल सरळ दिसते

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

वय ४८, नोकरी बैठी. गेले दोन महिने डावी टाच दुखते आहे. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. भिंत धरत, बदकासारखी डुलत बाथरूमपर्यंत जाते आणि परत येईपर्यंत माणसासारखी चालायला लागते. मुलगा या चालीची नक्कल इतकी हुबेहूब करतो, की परवा अंधारात त्याच्या वडिलांनी त्यालाच विचारलं, "आज जास्त दुखतंय का गं?"

अशात ऑफिसात डोंगर चढायला जायचं ठरलं. सहा आठवड्यांनी. सात किलोमीटर वर, त्याच वाटेने सात खाली, चढ ९०० मीटरचा. "तुम्हाला जमेल ना?" असं नव्याने लागलेल्या एका पोराने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यात काय!"

त्या दिवसापासून माझे ग्रह फिरलेत. टाचेखाली बाटली फिरवावी असं कुठेतरी वाचलं, म्हणून मीटिंगमध्ये टेबलाखाली चप्पल काढून पाण्याची बाटली फिरवत बसले. ती निसटली आणि गडगडत थेट साहेबांच्या खुर्चीपाशी गेली. त्यांनी ती उचलली, काही न बोलता टेबलावर ठेवली आणि मीटिंग संपल्यावर सोबत घेऊन गेले. मग नवे बूट आणले. ते पायाला बसावेत म्हणून रात्री घरभर घालून फिरले, पण काढताना एका बुटाची गाठ सुटेना. शेवटी एक बूट पायात ठेवूनच झोपले. आणि गेल्या रविवारी बर्फाच्या पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसले असताना आतल्या खोलीत फोन वाजला. ओल्या पायांनी धावले, घसरले आणि उजव्या पायाची करंगळी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटली. आता डावी टाच आणि उजवी करंगळी. दोन्ही पायांनी लंगडते, त्यामुळे चाल सरळ दिसते. ऑफिसात अजून कुणाला पत्ता नाही.

नवरा म्हणतो, "तू आणि तुझी टाच, दोघी मिळून काय ते ठरवा." ताई, जाऊ की नको? आणि नको, तर एवढं "त्यात काय" म्हणून झाल्यावर आता कोणत्या तोंडाने सांगू?

तुमची,
एक टाचवाली

उत्तर

प्रिय टाचवाल्या बाई,

आधी करंगळीचं उरकू, ते लवकर संपेल. करंगळी आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये कापसाची पातळ घडी ठेवा आणि दोन्ही बोटांना मिळून चिकटपट्टीचा सैल वेढा द्या. शेजारच्या बोटाने तिला सांभाळायचं, एवढाच उपाय. मात्र बोट वाकडं दिसत असेल, नखाभोवती जखम असेल किंवा दोन-तीन दिवसांनीही त्या पायावर भार देववत नसेल, तर एक्स-रे काढून घ्या. कपाटाच्या कोपऱ्याने बोट मोडतं, ही थट्टेची गोष्ट नाही. आणि फोन वाजला तर वाजू द्यावा. पाय बादलीत असताना आलेला एकही फोन महत्त्वाचा निघाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

आता टाच. मी डॉक्टर नाही, पण सकाळचं पहिलं पाऊल, मग थोडं चाललं की मोकळं वाटणं, बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तोच खिळा, ही सगळी लक्षणं ज्या दुखण्याची असतात त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक जाड, चिवट पट्टा जातो. तो टाचेपाशी जिथे चिकटलेला असतो तिथे कुरकुरायला लागतो. आत्ता वाचता वाचता डावं पाऊल उजव्या मांडीवर घ्या आणि पायाचा अंगठा हाताने मागे, नडगीकडे ओढा. तळव्याची कमान वर उचलली जाईल आणि तळव्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवलंत तर ताणलेल्या दोरीसारखं काहीतरी लागेल. तोच तो पट्टा. १९५४ साली हिक्स नावाच्या संशोधकाने हे विहिरीवरच्या रहाटासारखं असल्याचं मांडलं. बोटं मागे वळली की पट्टा त्यांच्या मुळाशी दोरासारखा गुंडाळला जातो, कमान ताठ होते आणि पाऊल जमीन मागे ढकलायला तयार होतं. एका पावलात २६ हाडं. ती सगळी ऐन वेळी एकजूट करतात ती या दोराच्या जिवावर.

रात्री पांघरुणात पाऊल खाली झुकलेलं असतं, म्हणजे पट्टा सात तास ढिला पडून असतो. सकाळी तुम्ही उठता आणि त्याला न विचारता सगळं वजन एकदम त्याच्यावर टाकता. बदकाची चाल येते ती तिथून.

तेव्हा पहिलं काम पलंगावरच करायचं. पाय जमिनीला लावण्याआधी, वर सांगितलं तसं पाऊल मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढा, दहा अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा. मोजताना दुसऱ्या हाताने पट्टा ताणला जातोय का ते चाचपा, नाहीतर नुसताच अंगठा पिरगळत बसाल. मग पलंगाशेजारी ठेवलेल्या, जरा जाड तळाच्या चपला पायात सरकवा आणि उठा. गार, कडक फरशीवर अनवाणी पहिलं पाऊल टाकण्याची चैन तुम्हाला काही महिने परवडणार नाही. हाच ताण दिवसातून आणखी दोनदा, विशेषतः खुर्चीत तासभर बसून उठण्याआधी. मीटिंगमध्येसुद्धा जमतो, आणि यातून काही गडगडत नाही.

दुसरं काम कष्टाचं आहे आणि खरा गुण त्याचाच. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, कठडा धरायचा आणि बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील आणि तो रहाट आधीच थोडा फिरलेला असेल. आता तीन अंक मोजत टाच वर, दोन अंक थांबायचं, तीन अंक मोजत खाली. घाई केली तर निम्मा फायदा गेला. जमलं तर एकट्या डाव्या पायावर, नाही जमलं तर दोन्ही पायांवर सुरू करा. एका दमात बारा वेळा, असे तीन फेरे, एक दिवस आड. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१४ साली हा व्यायाम आणि नुसता ताण यांची तुलना केली. तीन महिन्यांनी टाच उचलणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. वर्षाने मात्र दोन्ही गट जवळपास बरोबरीला आले. म्हणजे टाच शेवटी ताळ्यावर येते, हा व्यायाम तिला जरा लवकर आणतो, इतकंच.

हे "शेवटी" किती लांबचं, ते मात्र कुणी धड सांगत नाही. बहुतेकांचं हे दुखणं वर्षाच्या आत बसतं. सहा आठवड्यांत बसेलच, अशी हमी मी तरी देणार नाही आणि दुसऱ्या कुणी दिली तर तुम्ही घेऊ नका.

बाटलीबद्दल. पाणी गोठवलेली बाटली टाचेखाली दहा-पंधरा मिनिटं फिरवली की बरं वाटतं, जरूर फिरवा, पण घरी. तिने दुखणं थोडा वेळ झोपतं, बरं होत नाही. अख्खी बादली भरून दोन्ही पाय गारठवण्याची तर काहीच गरज नव्हती. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी बर्फाच्या वाटेला जाऊच नये.

एक्स-रेत टाचेला हाड वाढलेलं दिसलं तर लगेच हाय खाऊ नका. असं टोक अनेकांच्या टाचेला असतं आणि त्यातल्या पुष्कळांना ते असल्याचं आयुष्यभर कळतही नाही. डॉक्टरकडे मात्र लवकर जायचं ते या गोष्टी दिसल्या तर: पडून असतानाही रात्री टाच ठणकणं, मुंग्या किंवा बधिरपणा, सूज आणि लाली, ताप, चालताना अचानक काहीतरी तुटल्यासारखं वाटणं. आणखी एक खूण म्हणजे, टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली आणि कळ आली, तर टाचेच्या हाडालाच बारीक तडा गेलेला असू शकतो. तसं असेल तर डोंगराचा विचार तिथेच संपला.

नसेल, तर आता त्या डोंगराचा हिशोब करू. तुमच्या ऑफिसात तो कुणीच केलेला दिसत नाही.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ढोबळ नियम सांगितला, तो आजही वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तुमचे १४ किलोमीटर म्हणजे दोन तास ४८ मिनिटं, ९०० मीटर चढ म्हणजे दीड तास. एकूण चार तास १८ मिनिटं. यात दम खाणं नाही, बूट बांधणं नाही, फोटो नाहीत, "अजून किती राहिलं" हे विचारायला थांबणं नाही आणि दुखरी टाच तर नाहीच नाही. आठ-दहा जणांचा कंपू एकत्र निघाला की त्यातल्या सगळ्यात सावकाश माणसाच्या वेगाने पोचतो, म्हणून साडेसहा-सात तास धरा. पाऊल ७० सेंटिमीटरचं धरलं तर १४ किलोमीटरला २०,००० पावलं होतात. त्यातली १०,००० डाव्या टाचेची. सध्या तुमची टाच बाथरूमपर्यंतच्या पंधरा पावलांवर तक्रार करते आहे.

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही उगीच नाही. पण तुम्हाला वाटते तशी भीती चढाची नसते. चढताना दम लागतो, घाम येतो आणि माणूस आपण होऊन थांबतो. खोड मोडतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावून शरीराला आवर घालत असतात, आणि स्नायूंना सगळ्यात जास्त ठेचणारं काम हेच. गंमत म्हणजे त्याचं बिल त्या दिवशी येत नाही. अंग आंबतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मी एकदा अशाच एका सहलीनंतर सोमवारी ऑफिसात हिंडून फुशारकी मारली आणि मंगळवारी जिना उलट्या तोंडाने, कठड्याला मिठी मारत उतरले. खाली उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी अदबीने विचारलं, "वर काही राहिलंय का?" मी म्हटलं, "हो, गुडघे."

यावर उपाय आहे आणि तो चमत्कारिक वाटेल: लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या. लोक नेमकं उलट करतात. थोडं थोडं उतरून स्नायूंना आधीच एकदा ठेचून ठेवलं की पुढचे काही आठवडे ते तेवढे कुरकुरत नाहीत. आठवड्यातून दोनदा, दोन मजल्यांपासून सुरुवात करा. आपटत नाही, पाऊल अलगद टेकवत. चढण्याचा सराव टाच जितकं ऐकेल तितकाच.

आता बूट. नवे आणले ते ठीक, घरात घालून पाहिले तेही ठीक, पण पहिल्याच रात्री इतका वेळ? बूट पायाला बसतात तसा पायही बुटाला बसतो, आणि दोघांना थोडा वेळ द्यावा लागतो. आधी अर्धा तास, मग तास, मग बाहेर. दुपारनंतर पाऊल थोडं फुगतं, म्हणून माप संध्याकाळी, डोंगरावर घालणार तेच मोजे घालून बघायचं. उभं राहिल्यावर पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. ती नसली तर उतारावर पाऊल पुढे सरकत राहतं, बोटं बुटाच्या नाकावर आपटत राहतात आणि घरी येऊन मोजे काढले की अंगठ्याचं नख काळंनिळं. म्हणून उतरायला लागण्याआधी थांबा, टाच बुटात मागे ठोका आणि नाडी घोट्यापाशी पुन्हा आवळा. सगळ्यात वरची जोडभोकं रिकामी असतील तर प्रत्येक बाजूला नाडीचा एक छोटा फास करा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून घाला आणि मग ओढा. टाच जागची हलणार नाही. नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधीच कापून ठेवा. गाठ मात्र अशी मारा, की रात्री झोपेच्या आधी सुटेल.

सुती मोजे घामाने ओले होतात आणि ओलेच राहतात. ओली कातडी घासली की फोड आलाच. लोकरीचे किंवा लवकर सुकणारे मोजे घ्या. आणि जिथे चरचरायला लागेल तिथे तेव्हाच, त्या मिनिटाला थांबून चिकटपट्टी लावा. सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून दहा मिनिटं गप्प राहणाऱ्याला पुढे तासभर सगळ्यांचा खोळंबा करावा लागतो.

आणि बरोबर येणाऱ्या ज्या कुणाकडे "माझे जुने बूट आहेत की, अगदी नव्यासारखे" असतील, त्यांनाही हे वाचून दाखवा. माझेही होते. सहा-सात वर्षं कपाटात, डब्यात, कागदात गुंडाळलेले. वरून बघाल तर दुकानातून आत्ता आणल्यासारखे. पहिला तास छान गेला. मग डाव्या पायाखाली काहीतरी फटफट वाजायला लागलं. पाहते तर तळ पुढून सुटलेला, मगरीने जबडा उघडावा तसा प्रत्येक पावलाला उघडतोय आणि मिटतोय. मैत्रिणीच्या पिशवीचा पट्टा काढून तो बांधला. दहा मिनिटांनी उजवा सुटला. हातात घेऊन दाबला तर मधला थर शिळ्या केकसारखा भुसभुशीत होऊन हाताला लागला. अनेक बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतला दमटपणा त्याला वर्षानुवर्षं आतून कुरतडत राहतो, आणि नुसते ठेवून दिलेले बूट वापरातल्या बुटांपेक्षा लवकर जातात. जपून ठेवल्याची शिक्षा म्हणा. तेव्हा निघण्याच्या आदल्या आठवड्यात बूट वाकवून, तळ अंगठ्याने दाबून पाहायचे आणि घालून दोन-चार किलोमीटर चालायचं. मी उरलेली वाट दोन्ही पायांना पट्टे बांधून उतरले. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत मी कमरेच्या वर आहे.

चालायच्या दोन काठ्या मिळाल्या तर घ्या. हातातून थोडं वजन जमिनीवर गेलं की उतरताना गुडघ्यांवरचा भार खरंच कमी होतो. सपाटीवर कोपर काटकोनात राहील इतकी लांबी, उतारावर थोडी जास्त. चढावर टाच हवेत लोंबकळत ठेवून चवड्यांवर चढू नका. पोटरी आणि तो पट्टा दोन्ही ताणले जातात. सपाट दगड शोधून पूर्ण पाऊल टेकवा, पावलं लहान टाका. पोरं धडाधडा पुढे जातील. जाऊ द्या. पुढच्या वळणावर तीच दम खात बसलेली भेटतील.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. शिखरापर्यंत यंदा जाऊ नका. डोंगरावर जायचं की नाही, हे चार आठवड्यांनी ठरवा, आणि ठरवायचं तुम्ही नाही, टाचेने. परीक्षा सोपी आहे. तोवर चालणं हळूहळू वाढवत न्या. चौथ्या आठवड्याच्या शेवटी बूट घालून, पाठीवर पिशवी घेऊन, थोडा चढउतार असलेल्या वाटेवर सहा-सात किलोमीटर चाला. चालताना किती दुखलं याला फारसा अर्थ नाही, गरम झालेली टाच लबाड असते. निकाल लागतो दुसऱ्या दिवशी सकाळी, पलंगावरून उतरल्यावर. पहिली पावलं नेहमीइतकीच किंवा कमी दुखली तर पास. जास्त दुखली आणि दिवसभर तशीच राहिली तर नापास, मग त्या दिवशी घरीच. सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन पास झालेलं मी धरत नाही. डोंगरावरही तसं करू नका. टाच ओरडते ती सांगण्यासाठी, तिचं तोंड दाबून तुम्ही आणखी १०,००० पावलं टाकलीत तर नंतरचे महिने ती वसूल करेल.

पास झालात, तर वाट एकच असल्याचा फायदा घ्या. ज्या वाटेने वर जायचं त्याच वाटेने खाली यायचं असेल, तर कुठूनही परत फिरता येतं. तीन किलोमीटर वर, तीन खाली. वेळही आधीच पक्की करा. निघाल्यापासून दीड तासाने, शिखर समोर दिसत असलं तरी, तुम्ही वळणार. समोर दिसणारं शिखर हे डोंगरावरचं सगळ्यात जुनं आमिष आहे. एकट्याने मात्र उतरायचं नाही. तुमच्याबरोबर परत फिरणारा एक गडी आधी शोधा. तो मिळतो. दहा जणांत किमान एक जण असा असतो, ज्याने तुमच्यासारखंच "त्यात काय" म्हटलेलं आहे आणि जो आता रात्री छताकडे बघत पडलेला आहे. तुम्ही विचारलंत तर तो "तुमची काळजी म्हणून" लगेच तयार होईल. त्याची लाज राखा, हो म्हणा.

राहिलं तोंड. बाई, मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त टोचलं ते शेवटी जाता जाता आलेलं वाक्य: ऑफिसात अजून कुणाला पत्ता नाही. बाटली, बूट, बादली, कपाट हे सगळं त्या एका वाक्यापायी घडलं. टेबलाखाली चोरून फिरवली म्हणून बाटली निसटली. सहा आठवड्यांत गुपचूप बरं व्हायचं म्हणून बादली आली. तुमची टाच दुखते हे दोन माणसांना माहीत असतं, तर तुम्ही मीटिंगमध्ये उघडपणे पाऊल मांडीवर घेऊन बसला असता आणि करंगळी शाबूत राहिली असती. त्या पोराने "जमेल ना" म्हटलं त्यात खोच होती का, ते मला माहीत नाही. पंचविशीतली पोरं जिन्यावरही कुणालाही "सांभाळून हं" म्हणतात. तुम्हाला मात्र ते वयावर बोट ठेवल्यासारखं लागलं. लागणारच. म्हणून टाचेने उत्तर द्यायचं नसतं.

सगळ्यांपुढे उभं राहून कबुली देण्याची गरज नाही. ग्रुपवर चार ओळी टाका. मी लिहून देते, हव्या तशा बदला:

"माझी डावी टाच दोन महिने दुखते आहे, व्यायाम चालू आहे. ठीक वाटलं तर मी येईन, पण दीड तास चढून परत फिरेन. कुणाला सोबत फिरायचं असेल तर सांगा. बाकीच्यांनी थांबू नये. आणि वेळेचा हिशोब कुणी केलाय का? मी केलाय, सात तास धरा, लवकर निघू."

शेवटचं वाक्य गाळू नका. टाच दुखते म्हणणारी बाई आणि वेळेचा हिशोब करून ठेवणारी बाई एकच आहे, हे लोकांना एकाच निरोपात कळू दे. हा निरोप टाकल्यावर दोन तासांत किमान एकजण तुम्हाला वेगळा मेसेज करून स्वतःच्या गुडघ्याबद्दल, कमरेबद्दल किंवा जुन्या मुरगळीबद्दल सांगेल. त्यालाही जिन्याने खाली यायला सांगा. मुलाला नक्कल करू द्या, पण सकाळचे दहा ताण मोजायचं काम त्याच्याकडे द्या. हिशोबाला तरी उपयोगी पडेल.

आणि साहेबांकडून ती बाटली परत मागा. इतके दिवस झाले तरी त्यांनी ती आपण होऊन दिली नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. पुढच्या मीटिंगला जरा वाकून त्यांच्या टेबलाखाली बघा.

तुमची,
ताई